फाटकाबाहेरची रात्र कुणाच्या खात्यात?



गेल्या हंगामात कापसाची गाडी घेऊन आम्ही एका जिनिंगच्या फाटकाबाहेर दोन रात्री काढल्या. पुढे ट्रॅक्टर, पिकअप, छोटे हत्ती, ट्रक, सगळ्यांची एकच रांग. थंडी मरणाची. कुणीतरी ट्रॉलीत पऱ्हाटीची मोळी टाकून आणली होती, तिचा जाळ करून दहापंधराजण भोवती बसलो. गाठी न्यायला आलेला एक ट्रकही त्याच रांगेत अडकला होता. ड्रायव्हर शेजारच्याच गावचा निघाला. बाप आपल्यासारखाच कोरडवाहू, पाच एकर, कापूस आणि ज्वारी. शेतीत भागेना म्हणून पोरगा आधी क्लीनर झाला, मग ड्रायव्हर.

दर अर्ध्यापाऊण तासाने रांग दहा हात सरकायची. पोरगा उठायचा, गाडी चालू करायचा, दहा हात पुढे घ्यायचा, बंद करायचा, पुन्हा जाळापाशी येऊन बसायचा. आम्ही म्हटले, “अरे, घटकाभर झोप गाडीत.”

म्हणाला, “झोपलो अन् रांग सरकली तं मागचा घुसते ना भाऊ.”

“मग ह्या रात्रीचे तुला काय मिळते?”

तो हसला. “उभं राह्याचे पैसे कोन देते? गाडी चालन तं पैसे.”

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच्या गाडीत गाठी भरल्या गेल्या आणि लगेच निरोप आला की उद्या सकाळी माल पोचला पाहिजे. दोन रात्रींचे जागरण डोळ्यांत घेऊन तो पोरगा हमरस्त्याला लागला. त्या रस्त्यावर आपल्याच एस्ट्या धावतात, आपलीच पोरे मोटारसायकलींवर असतात. पुढे काही वाईट झाले नाही. पण झाले असते तर दुसऱ्या दिवशी पेपरात काय छापून आले असते ते सांगायला ज्योतिषी लागत नाही. “चालकाचा डुलकी लागल्याने ताबा सुटला.” त्या दोन रात्री फाटकाबाहेर कुणी बसवून ठेवले होते, ही ओळ कधीच छापून येत नाही.

ह्या अंकात आम्ही ह्याच प्रश्नावर बोलणार आहोत. थांबण्याचा वेळ हा कामाचा वेळ की नाही? तुम्ही म्हणाल, ट्रकवाल्यांचे गाऱ्हाणे आपल्या पत्रकात कशाला? शेवटपर्यंत वाचा, मग ठरवा.

कायदा काय म्हणतो

ड्रायव्हरच्या कामाच्या तासांचा कायदा आपल्या देशात कालपरवाचा नाही. १९६१ साली मोटार परिवहन कामगार कायदा झाला. दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८ तास. लांब पल्ल्याच्या मार्गासाठी परवानगी घेऊन दिवसाला १० आणि आठवड्याला ५४. पाच तासांच्या कामानंतर निदान अर्धा तास विश्रांती. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ९१ मध्ये मालाच्या आणि प्रवाशांच्या गाडीवर काम करणाऱ्यांचे तास ह्याच १९६१ च्या कायद्याप्रमाणे असावेत, असेही लिहून ठेवले.

तास मोजायचे कसे, हेही त्या कायद्यात होते आणि ते वाचण्यासारखे आहे. माणूस जितका वेळ मालकाच्या, किंवा त्याच्याकडून काम घेण्याचा हक्क असलेल्या दुसऱ्या कुणाच्या, हुकमतीखाली आहे तितका वेळ कामाचा. गाडी चालवणे हे काम. गाडीची निगा आणि दुरुस्ती हे काम. माल भरणे आणि उतरवणे हेही काम. मध्ये गाडी ठरावीक वेळेपेक्षा जास्त थांबली आणि तो वेळ माणूस स्वतःच्या मर्जीप्रमाणे वापरायला मोकळा असला, तर तेवढा वेळ चालण्याच्या तासांतून वजा.

इथपर्यंत तराजू बरोबर आहे. हात हलत होते की नाही हे कायद्याने विचारले नाही. विचारले ते असे की वेळ कुणाच्या ताब्यात होता. आमच्या मते खरी कसोटी हीच.

पण त्याच कायद्यात आणखी एक ओळ होती. गाडीच्या थांब्याच्या ठिकाणी नुसते हजर राहणे, म्हणजे बोलावणे येईल म्हणून जागेवर बसून राहणे, हा वेळ कामात धरायचा तो १५ मिनिटांपेक्षा कमी असेल तर.

बघा गंमत. चौदा मिनिटे बसलात तर काम. चौदा तास बसलात तर? हुकमतीखाली आहे म्हणून कामच, असे एक वकील म्हणेल. पंधरा मिनिटांच्या वर गेले म्हणून काम नाही, असे दुसरा म्हणेल. आणि वकिलापर्यंत जायला ज्याच्याकडे ना वेळ ना पैसा, तो ड्रायव्हर गप्प बसेल.

हा १९६१ चा कायदा आता वेगळा राहिलेला नाही. २०२० साली संसदेने कामगारांची सुरक्षा, आरोग्य आणि कामाची परिस्थिती ह्यांविषयीची संहिता मंजूर केली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती लागू झाली. जुना कायदा तिच्या पोटात गेला. आठ तासांचा दिवस राहिला. १५ मिनिटांची ओळही जशीच्या तशी राहिली. बदलले ते दुसरेच. जुना कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या वाहतूक धंद्याला लागू होता. नव्या संहितेत वाहतूक धंद्यासाठी हा आकडा दहा आहे.

आता आपल्या तालुक्यातल्या ट्रकमालकांची मनातल्या मनात मोजदाद करा. एक गाडीवाला, दोन गाडीवाला, फार तर तीन. दहा माणसे कुणाकडे आहेत? गावातून गाडीवर गेलेले आपले बहुतेक पोरगे ह्या कुंपणाच्या बाहेरच आहेत. पूर्वी कुंपण लांब होते, आता आणखी लांब गेले.

आणि आत असलेल्यांचेही काय? गाडी किती तास चालली, किती तास फाटकात उभी राहिली, ह्याची नोंद करायची मालकाच्या रजिस्टरात. ज्याने पैसे द्यायचे त्यानेच तास लिहायचे. आमच्या कापसाच्या काट्याचा आम्हाला जो अनुभव आहे, त्यावरून वेगळे सांगायला नको.

बाहेरच्या मुलखात

साहेबांच्या देशांत सगळे आलबेल असते असे मानणाऱ्यांपैकी आम्ही नाही. पण दुसऱ्याच्या शेतात काय पेरले आणि काय उगवले ते बांधावरून बघायला हरकत नसते.

अमेरिकेत माल वाहणाऱ्या ड्रायव्हरने सलग १० तास विश्रांती घेतल्यावर जास्तीत जास्त ११ तास गाडी चालवायची, आणि तीही कामावर आल्यापासून १४ तासांच्या आत. कारखान्याच्या दारात थांबावे लागले आणि मालकाने कामातून मोकळे केले नसेल, तर तो वेळ कामावरचाच. डिसेंबर २०१७ पासून बहुतेक लांब पल्ल्याच्या गाड्यांवर हे तास यंत्र नोंदवते. म्हणजे मोजणी पक्की. पण पैसे? तिथेही बऱ्याच ड्रायव्हरांना मैलावर पैसे मिळतात. चाक फिरले तर मजुरी, उभे राहिले तर शून्य. दारात चार तास गेले की चौदातले चार गेले आणि हाती काही नाही. मग उरलेल्या वेळात गाडी पळवायची.

ह्याचा परिणाम काय होतो ते त्यांच्याच परिवहन खात्याच्या महानिरीक्षकांनी २०१८ च्या अहवालात मांडले. माल भरण्या-उतरवण्याच्या जागी थांबण्याचा सरासरी वेळ १५ मिनिटांनी वाढला, तर अपघातांचे अपेक्षित प्रमाण सरासरी ६.२ टक्क्यांनी वाढते. आपला कायदा जी १५ मिनिटे उंबरठा म्हणून धरतो, तेवढ्याच १५ मिनिटांत तिकडे अपघात वाढलेले दिसले. आपण तर रात्रींच्या हिशोबात बोलतो आहोत.

युरोपातल्या देशांनी २००२ साली ड्रायव्हरांच्या कामाच्या वेळेविषयी एक नियम केला. त्यातला मुद्दा आम्हाला फार पटला. माल भरायला किंवा उतरवायला किती वेळ थांबावे लागणार हे आधी सांगितलेले असेल, तर तो वेळ कामात न धरता ‘उपलब्ध असण्याचा’ वेगळा वेळ धरता येतो. आणि किती थांबावे लागणार हे सांगितलेलेच नसेल, माणसाला जागा सोडता येत नसेल, तर ते थांबणे म्हणजे कामच.

हे वाचले आणि जाळापाशी बसलेला तो पोरगा आठवला. त्याला कुणी सांगितले असते की तुझा नंबर उद्या दुपारी दोनला आहे, तर तो घरी जाऊन जेवला असता, अंग टाकून झोपला असता. थांबणे तेच, तास तेवढेच. पण एक थांबणे विसावा झाले असते आणि दुसरे शिक्षा झाली. फरक एका आकड्याचा, आणि तो आकडा फाटकाच्या आतल्या माणसाला ठाऊक असतो, बाहेरच्याला नसतो.

डब्याला किंमत, माणसाला नाही

रेल्वेचा माल मागवणाऱ्या कुणालाही विचारा. मालडबा खाली करायला ठरावीक वेळ मोफत मिळतो. त्यावर गेले की डेमरेज. तासाला, डब्याला, मोजून पैसे. त्यामुळे रेक लागला की व्यापारी रात्री बारालाही हमाल आणतो. त्याला रेल्वेचे प्रेम आलेले नसते, थांबण्याचा पैसा त्याच्या खिशातून जाणार असतो म्हणून तो आणतो.

म्हणजे लोखंडाच्या डब्याच्या थांबण्याला ह्या देशात किंमत आहे. हाडामांसाच्या माणसाच्या थांबण्याला नाही. म्हणून डबा लवकर सुटतो आणि माणूस अडकून पडतो. जे फुकट मिळते ते कुणी जपून वापरत नाही. पाटाचे पाणी असो, नाहीतर दुसऱ्याचा वेळ असो.

थांबणे हे नशिबात लिहिलेले नसते, कुणीतरी घडवलेले असते, ह्याचाही पुरावा आपल्या डोळ्यांसमोर आहे. एके काळी ट्रकवाल्यांचे निम्मे आयुष्य नाक्यावर जात होते. शहराच्या तोंडाशी जकात, राज्याच्या हद्दीवर विक्रीकर. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, मुंबईचे जकात नाके उठले, राज्यांच्या हद्दीवरचे विक्रीकराचे नाकेही उठले. फेब्रुवारी २०२१ मध्ये राष्ट्रीय महामार्गांवर फास्टॅग सक्तीचा झाला. सरकारला पैसा गोळा करायची घाई झाली तेव्हा सरकारची रांग आखडली. आता उरली ती फाटकाची रांग. गिरणीचे फाटक, गोदामाचे फाटक, साखर कारखान्याचे फाटक, बाजार समितीचे फाटक. तिथे थांबवणाऱ्याचा एक पैसा खर्च होत नाही, म्हणून तिथे कुणाला घाई नाही.

आणि दोष मात्र ड्रायव्हरचा. जानेवारी २०२४ मध्ये देशभर ड्रायव्हरांनी गाड्या उभ्या केल्या, ते आठवत असेल. अपघात करून पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत कैदेचे नवे कलम आले होते. जुलै २०२४ मध्ये नवी न्याय संहिता लागू झाली तेव्हा ते कलम तेवढे बाजूला ठेवले गेले. कुणाला चिरडून पळणाऱ्याची आम्ही बाजू घेणार नाही. पण शिक्षेची वर्षे मोजायला सरकारकडे माणसे आहेत आणि जागरणाचे तास मोजायला नाहीत, हा कुठला न्याय? चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरे काय?

आता आपले

आता वळू या आपल्या घराकडे.

तुमच्यातल्या पिकल्या केसांच्या मंडळींना एकाधिकार खरेदीचे दिवस आठवतात. १९७२ साली ती योजना सुरू झाली. केंद्राबाहेर बैलगाड्यांची रांग, बैलांना वैरण घरून, माणसाला भाकरी घरून, आणि ग्रेडरची वाट बघत गाडीखाली झोपायचे. माल दिल्यावर चुकाऱ्यासाठी पुन्हा थांबायचे ते वेगळेच. ती योजना गेली, बैलगाडीही गेली. रांग राहिली.

२०२५-२६ च्या हंगामापासून हमीभावाच्या खरेदीसाठी मोबाइलवर नोंदणी करून दिवस ठरवून घेण्याची पद्धत आली. ठरलेल्या दिवशी गाडी खरोखर खाली होत असेल तर ती पद्धत चांगलीच. पण ज्या फाटकाला वेळेचा जाब विचारणारे कुणी नसते, तिथे मोबाइलवरचा दिवस एक असतो आणि काट्यावर चढण्याचा दिवस दुसरा.

ह्या थांबण्याची किंमत काढून बघा. हमीभावाच्या खरेदीत कापसात ८ टक्के ओलावा धरून पूर्ण भाव असतो. त्यापुढे दर टक्क्याला भाव कापतात आणि १२ टक्क्यांच्या वर माल घेतच नाहीत. २०२५-२६ ला लांब धाग्याचा हमीभाव ८११० रुपये होता. म्हणजे एक टक्का ओलावा वाढला की क्विंटलमागे सुमारे ८१ रुपये गेले. आता उघड्या ट्रॉलीत भरलेला कापूस डिसेंबरच्या दवात दोन रात्री उभा ठेवा. दव कापसावर पडणार. कपात आपल्या पट्टीवर पडणार. थांबवले कुणी आणि भरले कुणी?

त्यात गाडीचे भाडे. दिवस वाढला की गाडीवाला हॉल्टिंग मागतो आणि त्याचेही खोटे नाही. बँकेचा हप्ता गाडी उभी असली तरी उभा राहत नाही. आपण हुज्जत घालतो, तो चार शिव्या देतो, आपण दोन देतो. दोघेही त्याच फाटकाबाहेर भांडतो आणि आतला माणूस चहा पितो.

सगळ्यात वाईट गोष्ट सांगतो, ती आपल्याच चुकीची आहे. आपल्या घरच्या वहीत बियाणे लिहिलेले असते, खत लिहिलेले असते, फवारणी, निंदण, वेचणी, गाडीभाडे, हमाली, सगळे पैपैने लिहिलेले असते. फाटकाबाहेरच्या दोन रात्री कुठल्या पानावर आहेत? नाहीत. त्या आपण स्वतःच लिहिल्या नाहीत. ज्या मालाची किंमत मालकच लावत नाही, ती गिऱ्हाईक कशाला लावेल? तो पोरगा म्हणाला, उभे राहण्याचे पैसे कोण देते. आम्ही हसलो. पण आमचीही तऱ्हा तीच होती.

भाडे वाढेल त्याचे काय?

कुणी म्हणेल, ड्रायव्हरच्या थांबण्याचे पैसे द्यायचे म्हटले तर भाडे वाढेल आणि ते शेवटी शेतकऱ्याच्याच बोडक्यावर बसेल. प्रश्न रास्त आहे.

उत्तर असे की ते आजच बसलेले आहे. महिन्यात दहा खेपा करू शकणारी गाडी फाटकांमुळे सहाच करत असेल, तर दहा खेपांचा खर्च ती सहांतूनच काढते. ते भाडे आपणच देतो. फक्त पावतीवर ‘थांबणे’ असा शब्द नसतो, म्हणून दिसत नाही. आज हा खर्च ज्यांच्या हातात रांग आखडण्याची दोरी नाही अशा दोघांवर पडतो, ड्रायव्हरवर आणि शेतकऱ्यावर. तो ज्याच्या हातात दोरी आहे त्याच्यावर टाका, म्हणजे रांगच आखडेल. डेमरेजने मालडब्याचे जे केले ते माणसाचेही होईल.

छोट्या गाडीमालकावर इन्स्पेक्टर सोडा, असे आम्ही म्हणत नाही. त्याला हप्त्यांनी आधीच घेरले आहे आणि इन्स्पेक्टर आला की हिशोब तासांचा राहत नाही, पाकिटाचा होतो, हे आपण पुरते ओळखून आहोत. आमचे म्हणणे साधे आहे. हिशोब उघडा करा.

जिल्हा बैठकीत ठरवायचे ते

पहिले. गाडी फाटकाशी आली ती वेळ आणि खाली होऊन निघाली ती वेळ, दोन्ही बिल्टीवर किंवा काटापट्टीवर लिहून त्यावर फाटकाची सही. दोन आकडे आणि एक सही, ह्याला ना खर्च ना कायदा लागतो.

दुसरे. पहिले दोन तास सोडून पुढच्या प्रत्येक तासाचा आकार ज्याने थांबवले त्याच्याकडून, आणि त्यात ड्रायव्हरचा वाटा वेगळा लिहिलेला. माल शेतकऱ्याने आणला असेल तर शेतकऱ्याचाही.

तिसरे. टोकनावर नुसता नंबर नको, वेळ हवी. ती चुकली तर ते थांबणे काम म्हणून मोजायचे.

चौथे. रात्रभर रांगेत जागलेल्या माणसाला सकाळी लांबच्या खेपेवर पाठवायचे नाही. आपल्या मालाच्या गाडीपुरते तरी हे आपण बघू.

पाचवे आपल्यासाठी. कापूस भरून तयार नसताना, कडब्याच्या पेंढ्या बांधून झालेल्या नसताना गाडी बोलवायची नाही. आपल्या खळ्यावर दुपारभर ताटकळलेला ड्रायव्हर आपणही पाहिला आहे. आपल्या दारात आपणच फाटकवाले असतो. जो न्याय मागायचा तो आधी आपल्या अंगणात करून दाखवायचा.

आणि येत्या हंगामापासून खर्चाच्या वहीत एक रकाना वाढवा. त्याला ‘थांबणे’ नाव द्या. तारीख, ठिकाण, किती तास, किती माणसे, दव किती लागले, कपात किती झाली. घरातल्या शाळकरी पोरीला लिहायला सांगा, ती आपल्यापेक्षा नीट लिहील. जिल्ह्यातल्या दोनशे वह्या एका टेबलावर आल्या की फाटकाच्या आतल्या माणसाशी बोलायला आपल्याकडे शिव्यांऐवजी आकडे असतील.

तो पोरगा परवा बाजारात भेटला. गाडी अजून तीच, मालक तोच. आम्ही त्याला हा लेख तोंडी सांगितला. सगळे ऐकून म्हणाला, “पैशाचं मंग पाहू भाऊ. पहिले निसतं इतकं सांगा म्हनावं, नंबर कवा लागते. म्हंजे झोपता येते.”

बैठकीला या. आणि येताना वही घेऊन या.